चारशे बारा नोंदी आणि महिन्यातले नऊ दिवस

(संबंधित व्यक्तीच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

"सर, मला जरा कमी सुचायला पाहिजे. काही उपाय आहे का?"

एप्रिल २०२३ मधली ही गोष्ट. ठाण्यात मसुंदा तलावाच्या कट्ट्यावर आम्ही बसलो होतो. सुजाताचं मार्चएंड नुकतंच आटोपलं होतं आणि डोळ्यांखाली त्याच्या खुणा होत्या. माझ्या माहितीतले बहुतेक लोक काही सुचत नाही म्हणून कुरकुरतात. उलटी तक्रार पहिल्यांदाच ऐकली.

सुजाता तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. राहायला कोपरखैरणे, नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका मध्यम कंपनीत, काम अकाउंट्सचं. नवरा शिफ्ट ड्युटीवर, मुलगी नववीत, सासूबाई घरात. माहेर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका आगरी गावात. आता त्याच्या चारी बाजूंना सेक्टर आहेत आणि मध्ये गाव उरलंय. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, मग जमिनी गेल्या. तिच्या वडिलांनी भातशेती, खाजण आणि मिठागर स्वतःच्या हातापायांनी अनुभवलं होतं. तिच्या वाट्याला त्यातल्या फक्त गोष्टी आल्या.

मी तिचा जुना साहेब. रबाळ्याच्या एका कारखान्यात आम्ही नऊ वर्षं एकाच मजल्यावर होतो, ती कॉस्टिंगला आणि मी प्रॉडक्शन प्लॅनिंगला. आता निवृत्त आहे. स्टोअरमध्ये काय पडलंय, कुठली ऑर्डर आधी लावायची, कुठलं मशीन अडलंय, हेच तीस वर्षं केलं. त्यामुळे तिच्या प्रश्नाकडे मी त्याच नजरेने बघितलं. त्याचा फायदा झाला आणि एके ठिकाणी मोठा तोटाही झाला. तो पुढे येईलच.

अडचण

तिला सुचायचं ते बहुतेक लोकलमध्ये. कोपरखैरणे ते ठाणे, ट्रान्स-हार्बरचा लेडीज डबा, वीस-पंचवीस मिनिटं, एक हात कडीला आणि दुसऱ्यात फोन. मसाल्याचा घरगुती व्यवसाय. ठाण्याच्या तलावांवर शनिवारची पायी फेरी. खाडीतल्या रोहित पक्ष्यांवर लहान मुलांसाठी गोष्टी. दिवाळी अंकासाठी लेख. बायकांसाठी "आपला पगार आपण समजून घेऊ" असा छोटा वर्ग. आत्या लग्नात म्हणते ते धवले, म्हणजे आगरी लग्नगीतं, रेकॉर्ड करून ठेवणं. वडिलांकडून सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी झालेल्या १९८४ च्या आंदोलनाच्या आठवणी लिहून घेणं. असं रोज काहीतरी.

डब्यात उभ्याने यातलं काहीच करता येत नाही. म्हणून ती टिपून ठेवायची. घरी आलं की कुकर, मुलीचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, पुन्हा नवं काहीतरी. सुचायची जागा एक, करायची जागा दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये पूल नाही.

नोंदी नऊ ठिकाणी होत्या: फोनमधली दोन ॲप, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, व्हॉइस नोट्स, मेलमधले ड्राफ्ट, तीन डायऱ्या, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात रेल्वेच्या पासाच्या मागे लिहिलेलंही निघालं.

तिचं स्वतःचं निदान असं होतं की सगळं एका जागी नीट लावलं की काम सुरू होईल. मीही मान डोलावली. स्टोअर अस्ताव्यस्त असेल तर आधी स्टोअर लावा, हे माझ्या हाडात भिनलेलं.

मोजदाद

मे महिन्याचे तीन आठवडे आम्ही यात घातले. ती एकेक नोंद पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर उतरवायची, शनिवारी मी बघायचो. एकूण नोंदी ४१२ निघाल्या.

त्यातल्या ९६ कल्पना नव्हत्याच, कामं होती. गिझर दाखवणे, पासपोर्ट, मुलीचा चष्मा. ती वेगळी काढली. राहिल्या ३१६. त्यांत तीच तीच कल्पना पुन्हा पुन्हा आली होती. त्या एकत्र केल्यावर खऱ्या अर्थाने वेगळ्या कल्पना उरल्या ११८.

एकत्र करताना प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात आम्ही एक आकडा लिहिला: ही किती वेळा आली. हा आकडा मी केवळ सवयीने लिहायला लावला, स्टोअरमध्ये कुठला माल किती वेळा मागितला गेला ते लिहितात तसा. बहुतेक कार्डांवर एक किंवा दोन. मसाला सहा वेळा. धवले अकरा वेळा. धवल्यांची सगळ्यात जुनी नोंद २०१६ च्या डायरीत होती: "आत्याचे धवले. या मे महिन्यात नक्की." "नक्की"खाली दोन रेघा.

त्या दिवशी तो आकडा दोघांनीही पाहिला आणि कार्ड गठ्ठ्यात सरकवून पुढचं घेतलं. या सगळ्या प्रकरणातला निर्णयाचा पहिला क्षण हाच होता. आम्ही तो घालवला आणि घालवतोय हे कळलंही नाही.

अर्धवट राहिलेलं माणसाच्या डोक्यात घोळत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमधल्या प्रयोगांवरून १९२७ मध्ये मांडलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते तितकं ठळक दिसलं नाही ही गोष्ट वेगळी. पण सात वर्षांत अकरा वेळा तेच वाक्य लिहिणारी बाई समोर बसलेली असताना प्रयोगशाळेचा दाखला कशाला लागतो?

मोजदादीतून आणखी एक गोष्ट दिसली. ११८ पैकी नऊ कल्पना सुरू करून सोडलेल्या होत्या. मसाल्याचे लेबल छापून आणले होते, रोहित पक्ष्यांच्या गोष्टीची चार पानं झाली होती, तलावांच्या फेरीचा नकाशा काढून झाला होता. मागच्या तीन वर्षांत पूर्ण झालेल्या कल्पना मात्र दोन: मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाटुकलं आणि गॅलरीतली बाग.

इथे माझ्या धंद्यातला एक नियम कामाला आला. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. कुठल्याही कामाला सरासरी किती वेळ लागणार? हातात अर्धवट असलेली कामं भागिले कामं पूर्ण होण्याचा वेग. तिचा वेग तीन वर्षांत दोन, म्हणजे एकाला दीड वर्ष. हातात नऊ. नऊ गुणिले दीड, साडेतेरा वर्षं.

तिने कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं. अकाउंट्सची माणसं दुसऱ्याच्या गुणाकारावर विश्वास ठेवत नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे रिटायरमेंटलाच."

पर्याय

जून उजाडला तेव्हा समोर चार वाटा होत्या.

पहिली, चांगलं ॲप. तिला हेच हवं होतं. पण आधीच्या दोन ॲपमध्ये तिने फोल्डर, रंग, टॅग सगळं केलेलं होतं. एका फोल्डरचं नाव "अर्जंट", त्याच्या आत आणखी एक, "खरंच अर्जंट". फोल्डर लावत बसण्यातही काम केल्याचं समाधान मिळतं, धोका तिथेच आहे. ही वाट सोडली.

दुसरी, तातडीचं आणि महत्त्वाचं अशी चार खणांची चौकट, आयसेनहॉवर यांच्या नावाने ओळखतात ती. वीस मिनिटांत भरली. जवळपास सगळी कार्डं एकाच खणात गेली: महत्त्वाचं आहे, तातडीचं नाही. ऑफिसच्या कामाला ही चौकट बरी पडते, कारण तिथे तातडी बाहेरून येते. स्वतःच्या कल्पनेला तातडी कोण लावणार?

तिसरी, गुण देऊन क्रम लावणं. ही मी सुचवली.

चौथी, बाकी सगळं बाजूला ठेवून एकच कल्पना धरणं. तिला ही ऐकूनच धास्ती वाटली. "आणि तीच चुकीची निघाली तर?"

एक्सेलचा निकाल

तिसरी वाट घेतली. सुजाताच्या हाताला एक्सेल म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाताला लाटणं. तिने एका रात्रीत तक्ता केला. उत्पन्नाची शक्यता, लागणारा वेळ, खर्च, माझं कौशल्य, इतरांना उपयोग, असे पाच रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि पन्नासपैकी बेरीज.

मसाला पहिला आला, ४१ गुण. पगाराचा वर्ग दुसरा. धवले तेविसावे. उत्पन्न शून्य, कौशल्य दोन. तिला गाता येत नाही, रेकॉर्डिंग येत नाही.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा तक्ता घेऊन आली. आता "इतरांना उपयोग" या रकान्याला दुप्पट वजन दिलेलं. धवले चौदावे. आमचा चहा येईपर्यंत तिने सहावा रकाना घातला, "पुन्हा संधी मिळेल का". धवले सहावे. मग खर्चाच्या रकान्याचं वजन निम्मं केलं.

मी विचारलं, "कितवा नंबर आला की तू थांबणार?"

ती गप्प. मग हसली, आणि लॅपटॉप मिटला.

हा दुसरा क्षण, आणि हा मात्र आम्ही पकडला. क्रम तिच्या मनात आधीपासून होता. तक्त्याने तो सांगावा, म्हणजे तिच्यावर जबाबदारी येणार नाही, असं काहीसं चाललं होतं. घरात "मी मसाला करतेय" म्हटलं तर लोक समजून घेतात, त्यात पैसा दिसतो. "मी शनिवारी आत्याकडे गाणी लिहायला जातेय" हे नवऱ्याला, सासूबाईंना आणि मुख्य म्हणजे स्वतःला सांगणं तिला जड जात होतं. गुणांचा तक्ता वाईट नाही. मशीन घ्यायचं की नाही ते त्यावर ठरवावं. पण ज्या गोष्टीची किंमत आपण आधीच ठरवून बसलोय आणि बोलत नाही, तिथे तक्ता खोटा साक्षीदार होतो.

तरीही सहावा रकाना मला आवडला. तो तिने लबाडी करायला घातला होता, पण पाचांपेक्षा तोच कामाचा निघाला. तो एकटा ठेवून आम्ही ११८ कार्डं पुन्हा चाळली. पुढच्या वर्षी हे करता येईल का? तलाव पुढच्या वर्षीही असतील. रोहित पक्षी दर हिवाळ्यात येतात, ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत जागा. मिरची दर उन्हाळ्यात वाळते. ज्यांचं उत्तर "माहीत नाही" असं आलं ती कार्डं फक्त दोन: अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या आणि एक्क्याऐंशी वर्षांचे वडील.

महिना मोजला

ठरवण्याआधी मी एक हट्ट केला. वेळ किती आहे ते अंदाजाने नको, लिहून आण. "आठवड्याला दहा तास मिळतील," असं ती म्हणत होती. जुलैभर तिने रोज लिहिलं. महिन्याला चाळीस तास धरले होते, प्रत्यक्षात निघाले चौदा.

आणि ते चौदा तास महिन्यात सारखे पसरलेले नव्हते. तिचं काम तारखांना बांधलेलं. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, वीसला दुसरं, ३-बी. महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत स्वतःसाठी मिळालेले तास तीन. एकवीस ते एकोणतीस या नऊ दिवसांत अकरा. शेवटच्या दिवशी पगाराची धावपळ. इतकी वर्षं ती दर एक तारखेला "या महिन्यात नक्की" म्हणून सुरुवात करत होती आणि बारा तारखेला स्वतःवर चिडत होती. जिथे वेळ नव्हता तिथेच संकल्प.

अकाउंट्समधल्या बाईला हे आधी कसं दिसलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला नवल वाटलं नाही. आम्हीही कारखान्यात मशीनची क्षमता कॅटलॉगमधून घ्यायचो आणि मग डिस्पॅच का रखडलं म्हणून मीटिंग भरवायचो.

काय ठरलं

ऑगस्टच्या शेवटी ठरलेली व्यवस्था साधी होती. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी बसवलेल्या कानबान पद्धतीतला एकच नियम उचलला: पुढची जागा रिकामी झाल्याशिवाय मागून माल ओढायचा नाही. तिच्या कपाटाच्या दाराला आतून तीन खण केले. "चालू" या खणात दोनच कार्डं मावतील एवढी पट्टी. "पुढचं" मध्ये पाच. बाकीचा सगळा गठ्ठा बुटाच्या खोक्यात, त्यावर तिने स्वतःच लिहिलं, "नॉन-मूव्हिंग". पडून राहिलेल्या मालासाठी आमच्या स्टोअरचा शब्द.

चालू कार्डाच्या मागे पुढची एकच कृती लिहायची, कुठे आणि केव्हा ते धरून. "धवल्यांचं काम" असं नाही. "२६ ऑगस्ट, शनिवार, सकाळी दहा, आत्याकडे, फोन चार्ज करून" असं. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास आहे: अपुऱ्या कामाचे विचार मध्येच येऊन त्रास देतात, ते काम पूर्ण न होताही, नेमका बेत केल्याने कमी होतात. सुजाताच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं ठरलं. रात्री दोनला उठून टिपण करणं सप्टेंबरात थांबलं.

लोकलमधल्या सुचण्याचं काय करायचं, यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, टिपूच नको. तिने ऐकलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं. एकच जागा ठेवली, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज. एकवीस तारखेला तो बघायचा. तोवर शिळं झालेलं पुसायचं, ताजं राहिलेलं कार्डावर.

दोन चालू कार्डं: धवले आणि वडिलांच्या आठवणी. मसाल्याचं कार्ड "पुढचं" मध्येही ठेवलं नाही. ते तिच्या जावेला दिलं, छापलेल्या लेबलांसकट. हा निर्णय तिने घरी एकटीने घेतला, मला नंतर कळलं. त्या दिवशी सासूबाई दोन तास तिच्याशी बोलल्या नाहीत, असंही कळलं. कल्पना देऊन टाकली की ती आपली राहत नाही, याचं दुःख होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

आत्याचा नकार

२६ ऑगस्टला ठरल्याप्रमाणे ती गेली. आत्या म्हणजे गावातली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून धवले म्हणणारी, तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. पन्नास वर्षं तिने हे केलं होतं. जोडीला शेजारच्या आळीतली एक बाई. आत्या ओळ उचलायची, जोडीदारीण पुढची झेलायची.

सुजाताने फोन पाटावर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. आत्याने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लगीन नाय, मांडव नाय, न धवला कसा गावाचा?"

विनवण्या झाल्या. देवक नाही, हळद नाही, नवरी नाही, तर कुणाला उद्देशून म्हणायचं? रिकाम्या घरात धवला म्हणू नये. आत्याच्या लेखी हा विषय तिथे संपला. चहा दिला, वर सुकट बांधून दिली.

आमच्या सगळ्या आखणीत ११८ कार्डं होती, सहा रकाने होते, महिन्याचे तास होते. ज्या बाईवर पहिलं कार्ड अवलंबून होतं तिला कुणी एका शब्दाने विचारलेलं नव्हतं.

मग लग्नाची वाट बघायची ठरली. तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त सुरू होतात, म्हणजे नोव्हेंबरअखेर. दरम्यान वडिलांचं कार्ड पुढे सरकलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईला झालेला गोळीबार, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या सभा, साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवण्याचा झगडा हे सगळं वडिलांनी महिन्यातल्या त्या नऊ दिवसांच्या शनिवारी-रविवारी सांगितलं. ते बोलायला केव्हाचे तयार होते, कुणी बसलं नव्हतं एवढंच. सहा बैठकांत एक वही भरली.

पितृपक्षात आत्याच्या जोडीदारणीला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली.

पुढे काय झालं

डिसेंबरात भावकीत लग्न झालं. आत्या एकटीने उभी राहिली, मागे सुना होत्या, पण त्यांना शेवटचे शब्दच तेवढे येत होते. बाहेर बँजो पार्टी. रेकॉर्डिंगमध्ये आत्यापेक्षा बँजो जास्त ऐकू येतो. सुजाता त्या रात्री रडली. मला फोन केला तेव्हा मी, माझ्या परीने, "निदान सॅम्पल तरी मिळालं" असं काहीतरी बोललो. बोलायला नको होतं.

पण त्या लग्नामुळे आत्याची गाठ सुटली. मांडवात म्हणून झालेलं आता घरी पुन्हा सांगायला हरकत नाही, असा काहीतरी नियम तिने स्वतःच काढला. गाऊन नाही, सांगून. २०२४ भर, दर महिन्याच्या एकवीस ते एकोणतीसमध्ये येणाऱ्या शनिवारी सकाळी दोन तास, आत्या ओळ सांगायची, सुजाता लिहायची. मुलगी दहावीच्या परीक्षेनंतर सोबत यायला लागली आणि रेकॉर्डिंग तिने हातात घेतलं. चौथ्या-पाचव्या बैठकीत आत्या सांगता सांगता गुणगुणायला लागली. फोन कुणी पुढे सरकवला नाही. तो आधीपासून सुपाखाली होता, आणि आत्याला ते माहीत होतं.

२०२५ च्या मे महिन्यापर्यंत सतरा धवले वहीत आले. काही शब्दांचे अर्थ लागेनात म्हणून ती ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसली. १८९३ पासूनची संस्था, नोकरीच्या गावात, आणि इतक्या वर्षांत ती पायरी चढली नव्हती.

इतर कार्डांची गत: बुटाच्या खोक्यातल्या कल्पना दीड वर्षात तिने दोनदा चाळल्या आणि निम्म्याहून जास्त फाडल्या. फाडताना काही वाटलं नाही म्हणाली. तलावांची फेरी "पुढचं" मध्ये आहे. पगाराचा वर्ग तिने एकदा सोसायटीत घेतला, अकरा बायका आल्या, पुन्हा घ्यायचा की नाही ते ठरत नाहीये. जावेचा मसाला यंदा डंकावर दोन खेपा कुटून आला आणि संपला. पैसे किती सुटले ते जाऊ सांगत नाही. सुजाताने मनातल्या मनात हिशेब केलेला असणार.

व्यवस्था अधूनमधून मोडतेही. मार्चमध्ये कपाटाचं दार उघडलंच गेलं नाही. एकदा "चालू" मध्ये चार कार्डं कोंबलेली मला दिसली, त्यातलं एक पट्टीबाहेर लोंबत होतं. मी बोललो नाही. दोन महिन्यांनी दोनच होती.

पुन्हा करायचं झालं तर

मे २०२३. ते तीन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. आम्ही शनिवारी बसून ४१२ नोंदी जाड कागदावर उतरवत होतो तेव्हा त्याच गावात दोन लग्नं झाली. आत्या आणि जोडीदारीण, दोघी, दोन्ही मांडवांत उभ्या होत्या. सुजाता एका लग्नाला जेवायला जाऊन आली होती. संध्याकाळी परत येऊन तिने सोळा कार्डं लिहिली.

आज कुणी असा गठ्ठा घेऊन आलं तर मी तो लावायला बसणार नाही. सगळ्यात जुनी डायरी मागेन, पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं शोधेन. त्यातही "वजन कमी करणे" सारखी सवयीने लिहिलेली वगळावी लागतील. सुजाताकडे तेच एकतीस वेळा निघालं होतं, आम्ही ते कामांत टाकून मोकळे झालो. उरलेल्यांत जिथे दुसऱ्या माणसाचं वय किंवा तब्येत गुंतलीय त्या माणसाला त्याच आठवड्यात फोन. एक तासाचं काम आहे. बाकी वर्गवारी नंतर करता येते, किंवा नाही केली तरी चालतं.

एक्सेलचं मी सुचवलं नसतं तर बरं झालं असतं का? ठरवता येत नाही. तीन आठवडे त्यातही गेले, पण वजनं बदलत बसलेली ती स्वतःला दिसली ती त्यामुळेच. वेळ मोजण्याचं मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायला हवं होतं. तो महिना कार्डं लिहिण्याच्या बरोबरीने गेला असता.

आणि घरच्यांशी बोलणं. नवऱ्याला धवल्यांचं ऑगस्टमध्ये सांगितलं, तेव्हा तो सहज म्हणाला, "मग इतकी वर्षं थांबलीस कशाला, मी सोडलं असतं गाडीने." सात वर्षं ज्या विरोधाची तिने धास्ती घेतली होती तो घरात नव्हताच. सासूबाईंचा होता, पण तो मसाल्यावरून.

सध्याची स्थिती

सतरा धवल्यांपैकी पाच पूर्ण नाहीत. वहीत त्यांच्या ओळी एकाआड एक लिहिलेल्या आहेत आणि मधली ओळ कोरी. सुजाताने आत्याला बऱ्याचदा विचारलं, आठवून बघ, पन्नास वर्षं शेजारी उभी राहून ऐकलंयस. आत्या डोळे मिटते, ओठ हलवते, आणि मान हलवते. ऐकलंय सगळं, म्हणते, पण त्या ओळी तिच्या तोंडच्या. मी कशा सांगू?

गेल्या महिन्यात दोघी त्या जोडीदारणीकडे जाऊन आल्या. आत्याने तिच्या खाटेशी बसून पहिली ओळ म्हटली आणि थांबली. ती बाई डाव्या हाताने चादरीवर ताल धरत होती. पुढच्या एकवीस तारखेनंतरच्या शनिवारी पुन्हा जायचं ठरलं आहे. कार्डाच्या मागे तसं लिहिलंय, सकाळी दहा, फोन चार्ज करून.